मोजून न ठेवलेलं घर

ते शहर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला. वाईट वगैरे नंतर वाटलं, आधी राग.

वॉर्साच्या जुन्या गावातला मोठा चौक. चारी बाजूंना एकमेकांना खेटून उभी असलेली अरुंद, उंच घरं, कुणी पिवळं, कुणी गेरूच्या रंगाचं, भिंतींवर नक्षी, आणि मधोमध तलवार उगारलेल्या मत्स्यकन्येचा पुतळा. मुलगी तिकडे नोकरीला. दोन महिने तिने फोनवर "बाबा, जुनं गाव बघाच" असं घोकलं होतं. आणि आम्हाला फिरवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, की तुम्हाला दिसतंय त्यातलं जवळजवळ काहीच जुनं नाही. युद्धात शत्रूने हा सगळा भाग ठरवून, घरामागून घर पाडला. विटांचे ढिगारे तेवढे उरले. लोकांनी परत येऊन ढिगारे उपसले, चांगल्या विटा निवडल्या आणि होतं तसं पुन्हा बांधलं. मी भुसावळला दप्तर घेऊन शाळेत जात होतो, त्या सुमाराला ही घरं बांधून होत होती.

"मग नाटकाचा सेटच झाला की हा," मी मराठीत म्हणालो. मुलीने डोळे वटारले. मला खोटं खपत नाही आणि खपत नाही हे लपवताही येत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

ही मात्र ऐकत होती. ही म्हणजे माझी बायको. पाचवारी साडी, त्यावर मुलीचा गुडघ्यापर्यंतचा कोट आणि पायात पांढरे बूट अशा अवतारात ती बाईंच्या तोंडाकडे बघत उभी होती. हिला विसरण्याचा आजार जडून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. "आई मला ओळखतेय तोवर या," असं मुलगी म्हणाली, म्हणून आम्ही तीन आठवड्यांसाठी बडोद्याहून एवढ्या लांब गेलो होतो. प्रवासभर ही दर तासाला एकच विचारायची, "घरी कधी जायचं?" आणि मी म्हणायचो, "जाऊ." कोणत्या घरी, ते आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

ते घर कोणतं हे सांगायला हवं, म्हणजे माझाही धंदा सांगायला हवा. मी बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत ड्राफ्ट्समन होतो. पाइप, टाक्या, पंप यांचे नकाशे काढण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. आमच्या कामात एक रीत आहे. आधी कागदावर नकाशा होतो, मग त्याप्रमाणे बांधकाम होतं; पण बांधताना कुठे खडक लागतो, कुठे साहेबाचं मन बदलतं, आणि पाइप दोन फूट सरकतो. म्हणून सगळं उभं राहिलं, की ड्राफ्ट्समनने टेप घेऊन जायचं, जे खरोखर झालंय ते मोजायचं आणि नवा नकाशा काढायचा. त्याला म्हणतात ॲज-बिल्ट. पुढे कधी दुरुस्ती निघाली, तर हाच नकाशा कामाला येतो. माझे ॲज-बिल्ट डोळे मिटून चालायचे, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, साहेब लोक सांगायचे.

हरणी रोडवर आम्ही आमचं बैठं घर बांधलं तेव्हा त्याचा मंजुरीचा नकाशा मीच काढला. बांधायला घेतलं तेव्हा मी दिवसभर कोयलीला, आणि गवंड्यावर देखरेख हिची. ही बडोद्याचीच, जुन्या राजवटीतल्या कारकुनाच्या घरातली. गवंड्याशी गुजरातीत भांडून आपल्याला हवं ते करून घेणं हिला चांगलं जमायचं. घर झाल्यावर ही म्हणाली, "आता याचंही ते तुमचं काढा ना, खरंखुरं झालेल्याचं." मी म्हणालो, काढतो. चाळीस वर्षं मी 'काढतो' म्हणत राहिलो. पाहुण्यांपुढे ही चिडवायची, "आमच्या ह्यांनी अख्खी रिफायनरी मोजली, स्वतःचं स्वयंपाकघर तेवढं राहिलंय." मीही हसायचो.

मग आमचा आणि शेजारचा, असे दोन प्लॉट मिळून बिल्डरने चार मजली इमारत बांधायचं ठरलं. आम्हाला त्यात फ्लॅट मिळणार होता. गुडघ्यांचं कारण होतं, मोडक्या ड्रेनेजचं कारण होतं, आणि खरं सांगायचं तर मलाच लिफ्टची हौस होती. घर पाडायच्या आदल्या आठवड्यात ही टेप घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "एकदा माप घेऊन ठेवा सगळ्याचं. मी दुसरं टोक धरते."

"पाडायच्या घराचं ड्रॉइंग कुणी काढतं का? डोकं ठिकाणावर आहे ना?" असं मी म्हणालो. अगदी याच शब्दांत. पुढे हिचं डोकं खरोखरच ठिकाणावरून हललं, तेव्हा हे वाक्य माझ्या कानात इतक्यांदा वाजलं, की मी कुणालाच, गमतीनेसुद्धा, तसं बोलायचं सोडून दिलं.

तर त्या चौकात बाई सांगत होत्या. युद्ध सुरू असताना, शत्रूच्या नाकाखाली, तिथल्या वास्तुकलेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी या घरांची मापं घेतलेले नकाशे जपले. दारं, खिडक्या, जिने. पुढे ते गुंडाळून दूरच्या एका मठात नेऊन लपवले. शहर गेलं, पण कागद वाचले. जिथे कागद नव्हते तिथे त्याच्याही दीडदोनशे वर्षं आधीच्या एका चित्रकाराची चित्रं समोर ठेवून भिंती उभारल्या.

माझा राग इथे विरला. नकाशे लपवणाऱ्या त्या पोरांचे हात मला माझ्यासारखे वाटले, आणि लगेच लक्षात आलं, की ते माझ्यासारखे नव्हते. गोळ्या झाडल्या जात असताना त्यांनी मापं जपली होती. मला तर टेप हातात आणून दिली होती.

बाई साठीच्या होत्या, जरा लंगडत चालायच्या. एका पिवळ्या घरासमोर त्या थांबल्या आणि त्यांनी छपराच्याही वर बोट दाखवलं, नुसत्या आभाळाकडे. म्हणाल्या, "माझी आई तिथे जन्मली." मुलीने हिला मराठीत सांगितलं. बाईंच्या आईचं कुटुंब या घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचं. तो मजला मागाहून चढवलेला होता. पुन्हा बांधताना घर चित्रातल्यासारखं, म्हणजे त्याहूनही जुनं, करायचं ठरलं. चित्रात तो मजला नव्हता. म्हणून बांधला नाही.

"मग तिची आई कुठे गेली?" हिने विचारलं. गेल्या कित्येक आठवड्यांत हिने एवढा सरळ प्रश्न विचारला नव्हता.

बाईंनी सांगितलं, की आईला नदीपलीकडे एका इमारतीत खोली मिळाली. दर रविवारी ती इथे यायची, समोरच्या बाकावर बसून घरून आणलेला पाव खायची आणि वर बघायची. शहर परत मिळालं म्हणून लोक आनंदाने रडायचे, तेव्हा तीही रडायची, पण तिचं कारण वेगळं होतं आणि ते सांगण्याची तिला लाज वाटायची. सगळ्यांचं सगळंच गेलं होतं, त्यात आपण एका मजल्याचं काय काढायचं?

हिने खांद्याच्या पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेले थेपले काढले, बाईंच्या हातावर दोन ठेवले आणि म्हणाली, "खावा." बाईंनी तिथेच उभ्याउभ्या खाल्ले. मग ही माझ्याकडे वळली. डोळे इतके स्वच्छ होते, की मला वाटलं ही बरी झाली.

"यांनी मोजून ठेवलं होतं," ही म्हणाली. "तुम्ही नाही ठेवलंत."

मुलगी "आई, चल, कॉफी पिऊ" म्हणत मध्ये पडली. दहा मिनिटांनी ही सगळं विसरली आणि पुन्हा विचारू लागली, घरी कधी जायचं. मी चौकाच्या कडेला जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. माझं तसं उघड्यावर रडणं मुलीने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. ती लांबच उभी राहिली, हे तिने बरं केलं.

बडोद्याला परतल्यावर हिचा आजार वाढला. आता ही दुपारी फ्लॅटचं दार उघडून लिफ्टने खाली जायला लागली. पहिल्यांदा मी धावत गेलो, तर ही खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मध्ये, खांबाला हात लावून उभी. "घरात कुणी दिसत नाही," म्हणाली. जागा बरोबर होती. इमारत आमच्याच जमिनीवर उभी आहे. फाटकसुद्धा जुन्याच ठिकाणी आहे. आमचं घर जिथे होतं तिथे बिल्डरने पार्किंग केलंय. चौथ्या मजल्यावर राहून मी हिला "हेच आपलं घर" म्हणायचो, आणि ही बरोबर आपल्या घरी जाऊन उभी राहायची. हात धरून वर आणताना मी चिडायचो. चिडायला नको होतं. हिला माझं चिडणं समजत होतं, फक्त चिडणारा कोण ते कधीकधी समजत नव्हतं. "तुम्ही का ओरडता? आमचे हे आले की सांगेन," असं ही एकदा मला म्हणाली.

त्या संध्याकाळी मी लोखंडी कपाट उपसून मंजुरीचा नकाशा काढला. निळा कागद, घड्यांवर फाटलेला, कोपऱ्यात शिक्का. दुसऱ्या दिवशी साडेअकराला, गाड्या ऑफिसांना आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांना गेल्यावर, टेप, सुतळी आणि देवघरातला रांगोळीचा डबा घेऊन मी खाली उतरलो. ही वर झोपली होती, शेजारच्या बेन दार उघडं ठेवून हिच्यावर लक्ष ठेवून होत्या.

वॉचमन माझ्याहून जरा लहान, आधी मिलमध्ये कामाला होता. "काका, आ शुं करो छो?"

"घर बांधतोय," मी म्हणालो. "टेप पकडो."

त्याने जास्त विचारलं नाही. मागच्या कंपाउंडची भिंत तेवढी जुनी होती. तिच्यापासून मापं धरली. सुतळी ताणून, कडेने रांगोळी सोडत मी घर आखलं, पूर्ण मापाचं. पुढची पायरी, बाहेरची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, मोरी. बिल्डरचा एक खांब बरोबर आमच्या पलंगाच्या जागी आला. बाकी घर मोकळं मिळालं. दोन वाजेपर्यंत गुडघ्यांचा भुगा झाला होता, पण रेघ एकही वाकडी नव्हती.

चार वाजता मी हिला खाली आणलं. ही पायरीच्या रेघेपाशी थांबली, चपला काढल्या आणि आत गेली. बाहेरच्या खोलीतून ही चालत निघाली आणि थेट भिंतीतून स्वयंपाकघरात शिरली. मी दार उजव्या कोपऱ्यात सोडलं होतं, नकाशात होतं तिथे. ही तीन फूट डावीकडून, रांगोळीवर पाय देऊन गेली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तिथे भिंत आहे!"

ही वळून माझ्याकडे बघायला लागली, एखाद्या वेड्याकडे बघावं तशी. "इथेच दार आहे आमचं," म्हणाली. आणि मला आठवलं. चाळीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी कोयलीहून आलो, तर गवंड्याने स्वयंपाकघराचं दार नकाशातल्या जागेवरून तीन फूट डावीकडे घेतलेलं. हिने सांगितलं म्हणून. कपाट कुठे बसणार आता, म्हणून मी दोन दिवस धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी विसरलो, आणि मग त्याच दारातून चाळीस वर्षं जेवायला आत गेलो. मीही घर चित्रावरूनच बांधलं होतं.

मी रांगोळी पुसली. हिला विचारलं, "दार इकडे का घेतलंत, ताई?" माहीत नाही मी 'ताई' का म्हणालो. त्यावेळी ही मला ओळखत नव्हती आणि परक्या बाईशी बोलावं तसंच बोलणं बरं वाटलं.

ही ओट्याच्या रेघेपाशी उभी राहिली. "या इथे या. बघा." मी गेलो. तिथून नवं दार, त्याच्या सरळ रेघेत बाहेरचं दार, आणि त्याच्या पलीकडे थेट फाटक. "पोळी करताना फाटक दिसतं," ही म्हणाली. "कंपनीची बस आली की हे फाटकातून येतात. दिसले, की मी चहाचं आधण ठेवते. त्यांना आल्याआल्या चहा लागतो. नाही मिळाला, की चिडतात."

"तुम्ही सांगितलं का त्यांना, दार का हलवलं ते?"

"हवा येते म्हणून सांगितलं." ही हसली. "असलं सगळं सांगायचं असतं का?"

नोकरी होती तोवर रोज मला आल्याबरोबर गरम चहा मिळत होता. बस वेळेवर येते म्हणून मिळतो, असं मी समजत होतो.

मग मी खिशातून डायरी काढली आणि ही चालेल तसं मोजत गेलो. मोरी मी दाखवली त्याहून लांब होती. फळी खिडकीच्या वर नव्हती, खाली होती. देवघराचा कोनाडा नकाशात नव्हताच. ही दाखवत गेली, वॉचमन टेपचं दुसरं टोक धरून होता, मी लिहीत गेलो. त्यावरून काढलेला ॲज-बिल्ट आज माझ्या टेबलावर आहे. ही जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या हातचा तो सगळ्यात उशिरा झालेला नकाशा, आणि कुणालाही न लागणारा.

त्या दिवशी सव्वापाच झाले असतील. ही अस्वस्थ व्हायला लागली. सारखी फाटकाकडे बघत होती. मला म्हणाली, "तुम्ही दमलेले दिसता. पायरीवर बसा. आमचे हे येतीलच इतक्यात, मग बोला त्यांच्याशी. मी पाणी आणते."

मी पायरीच्या रेघेपाशी जमिनीवर बसलो. ही आत गेली, माठ असायचा त्या कोपऱ्याकडे. सहाला गाड्या परत येणार, घरावरून जाणार, आणि ही फाटकाकडे बघत उभी राहणार, आणि कुणीच येणार नाही, हे मला बसल्याबसल्या दिसायला लागलं. ते मला सहन होईना.

मी उठलो. वॉचमनच्या खुर्चीला त्याच्या टिफिनची कापडी पिशवी अडकवलेली होती. "आपो ने जरा," म्हणून ती घेतली. फाटकाबाहेर गेलो. रस्त्याने कोपऱ्यापर्यंत, पूर्वी बस थांबायची तिथपर्यंत चालत गेलो. तिथे मिनिटभर उभा राहिलो. सदऱ्याची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला. पिशवी तेव्हा धरायचो तशी डाव्या हातात धरली. मग परत फिरलो आणि फाटकातून आत आलो. एवढी भीती मला नोकरीच्या मुलाखतीलाही वाटली नव्हती.

ही ओट्यापाशी होती. दोन्ही दारांच्या रेघेतून तिने मला पाहिलं. चेहरा उजळला.

"आलात? आज लवकर सुटली वाटतं बस."

"हो," मी म्हणालो.

"आधण ठेवते." मग ही दारापर्यंत आली, पायरीकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं. "अहो, आत्ता इथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी पाणी आणेपर्यंत उठून गेलेसुद्धा. घर शोधत होते वाटतं कुणाचं तरी."

"असतील जवळच," मी म्हणालो.

"बघा ना जरा बाहेर," ही म्हणाली. "सापडले तर घेऊन या. फार दमले होते हो बिचारे."